जळाली म्हणून वाचली: पपायरसवरची पुस्तकं

कोळशाच्या ढेकळासारखी दिसणारी, दोन हजार वर्षांपूर्वीची पपायरसची एक गुंडाळी. ती न उलगडता क्ष-किरणांनी वाचली, अशी बातमी हल्ली अधूनमधून येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा एका गुंडाळीतला पहिला शब्द सापडला: 'पोर्फिरास', म्हणजे जांभळ्या रंगाचं काहीतरी. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्यातला आणखी बराच मजकूर वाचून दाखवणाऱ्या तिघा तरुणांना सात लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. मे २०२५ मध्ये दुसऱ्या एका गुंडाळीच्या पोटात दडलेलं पुस्तकाचं नावच हाती लागलं.

वाचणाऱ्याच्या मनात येणारे प्रश्न मात्र बातमीत नसतात. गुंडाळी सरळ उघडत का नाहीत? शाई दिसत का नाही? आणि न जळालेली असंख्य पुस्तकं मातीत गेली असताना जळालेली टिकली कशी? पपायरसचा एक ताव कसा बनतो हे कळलं की यातलं बरंचसं आपोआप उलगडतं. म्हणून सुरुवात तिथूनच.

## नागरमोथ्याचा थोरला भाऊ

पपायरस हे आधी झाडाचं नाव, मग त्यापासून बनलेल्या तावाचं. शेतातला नागरमोथा उपटून त्याचा दांडा बोटांत फिरवून पाहा. तो गोल नसतो, तिकोनी लागतो. पपायरस याच कुळातला, पण उथळ पाण्यात, दलदलीत वाढणारा आणि चार-पाच मीटर उंच जाणारा. दांडा तसाच तिकोनी, बुंध्याशी चांगला जाड, आणि डोक्यावर हिरव्या झिंज्यांचा झुपका. प्राचीन इजिप्तमध्ये नाइलच्या त्रिभुज प्रदेशात याची बनंच्या बनं होती. लोक त्याच्या होड्या बांधत, दोर वळत, चपला आणि चटया करत.

लिहिण्यासाठी उपयोगाचा तो दांड्याचा आतला गाभा. हिरवी साल कडक असते. तिच्या आत पांढरा, स्पंजासारखा मगज असतो. बाशिंगासाठी वापरतात त्या भेंडाची आठवण यावी असा, पण ओलसर आणि त्यात उभे चिवट धागे असलेला. धागे ताकद देतात आणि मऊ मगज चिकटण्याचं काम करतो. या दोन गोष्टी एकाच दांड्यात असणं, हीच या झाडाची खुबी.

## एक ताव कसा करतात

दांडा ताजा हवा. वाळलेल्या दांड्याचा मगज पाणी पाजलं तरी नीट धरत नाही, आणि मग ताव वाळल्यावर पट्ट्या सुटतात. बुंध्याकडचा जाड भाग घेऊन साधारण हातभर, तीस-चाळीस सेंटिमीटरचे तुकडे करतात आणि साल सोलून काढतात. मग धारदार पात्याने गाभ्याच्या लांब, पातळ पट्ट्या उतरवतात. मधल्या भागातून रुंद पट्ट्या निघतात, कडेच्या भागातून अरुंद.

पट्ट्या पाण्यात भिजवतात. कमी भिजल्या तर दबत नाहीत आणि मध्ये हवेची पोकळी राहते. जास्त दिवस ठेवल्या तर रंग तपकिरी होत जातो. भिजलेल्या पट्ट्या लाटण्याने किंवा लाकडी हातोडीने हलके दाबून पाणी काढतात. मग सपाट फळीवर एक थर उभ्या पट्ट्यांचा, कडेला कड भिडवून किंवा किंचित एकमेकींवर चढवून. त्यावर दुसरा थर आडव्या पट्ट्यांचा. झालं. खाली-वर फडकी घालून वजनाखाली ठेवायचं आणि फडकी ओली झाली की बदलत राहायचं. इथे आळस केला तर बुरशी ठरलेली. काही दिवसांनी कोरडा ताव हाती येतो आणि तो शंख-शिंपल्याने किंवा हस्तिदंताने घोटतात. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातला हातकागद घोटत तो याच कारणासाठी, लेखणी अडखळू नये म्हणून.

घोटण्यालाही मर्यादा आहे. रोमन लेखक थोरला प्लिनी बजावतो की ताव फार घोटला तर दिसायला चकचकीत होतो, पण शाई नीट पीत नाही. ओल लपून राहिली असेल तर ती हातोडीने ओळखावी, असंही तो सांगतो. बुरसटलेपणा तर वासानेच कळतो. पपायरस बनवण्याचं आपल्याकडे पोचलेलं तपशीलवार प्राचीन वर्णन एकच, ते प्लिनीचं. आणि हा प्लिनी मेला इ.स. ७९ मध्ये, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात. बातमीतल्या गुंडाळ्या ज्या उद्रेकात गाडल्या गेल्या, त्याच.

## चटईसारखा विणतात का?

नाही. तावात उभ्या-आडव्या रेघा दिसतात म्हणून हा समज आहे. पट्ट्या एकीखालून-एकीवरून जात नाहीत. प्लायवूड डोळ्यांसमोर आणा: एका थराचे धागे उभे, दुसऱ्याचे आडवे, मध्ये चिकटलेले. एका दिशेचा थर सहज फाटला असता, पण आडवा थर त्याला आवरतो.

मग चिकटवायला काय वापरतात? प्लिनी म्हणतो नाइलचं गढूळ पाणीच डिंकाचं काम करतं. इथे त्याचं चुकलं. साध्या स्वच्छ पाण्यातही ताव तसाच बनतो. दाबाखाली मगजाच्या पोकळ पेशी चेपून एकमेकींत रुततात आणि झाडाचा स्वतःचा रस त्यांना धरून ठेवतो. वेगळा डिंक दोन थरांमध्ये लागतच नाही.

खळ लागते ती तावाला ताव जोडताना. मैदा, उकळतं पाणी आणि थोडा व्हिनेगर, ही प्लिनीने दिलेली कृती.

## वीस तावांची गुंडाळी

सुटे ताव विकायची पद्धत नव्हती. कारखान्यातच ते एकापुढे एक चिकटवून गुंडाळी करत आणि ती गुंडाळी बाजारात येई. प्लिनीच्या काळी एका गुंडाळीत जास्तीत जास्त वीस ताव. मोठं पुस्तक लिहायचं तर गुंडाळीला गुंडाळी जोडायची, थोडं पत्र लिहायचं तर हवा तेवढा तुकडा कापून घ्यायचा. सगळ्यात लांब माहीत असलेली इजिप्शियन गुंडाळी, ब्रिटिश म्युझियममधला 'हॅरिस पपायरस', ४० मीटरहून लांब आहे. पण ते राजाच्या थाटाचं काम. वाचायच्या पुस्तकाला इतकी लांबी म्हणजे डोकेदुखी, कारण डाव्या हाताने गुंडाळत आणि उजव्या हाताने सोडत वाचायचं, आणि संपलं की पुढच्या माणसासाठी पुन्हा उलटं गुंडाळून ठेवायचं.

जोड नीट बघितला तर कारागिरांचं डोकं कळतं. ग्रीक डावीकडून उजवीकडे लिहीत. म्हणून डावीकडच्या तावाची कड उजवीकडच्या तावावर चढवलेली असते. लेखणी जोडावर आली की पायरी उतरल्यासारखी खाली येते, कडेला अडकत नाही. छपरावरची कौलं पाणी खाली वाहील अशी एकमेकांवर चढवतात, तसंच हे. इजिप्शियन लिपी उजवीकडून डावीकडे जाई, तर तिथे हा चढ उलटा.

दुसरी खुबी धाग्यांच्या दिशेची. आडव्या धाग्यांची बाजू गुंडाळीच्या आत ठेवतात आणि लिहितात मुख्यतः तिच्यावर. उभ्या धाग्यांची बाजू बाहेर. गुंडाळताना बाहेरचा थर ताणला जातो, पण ते धागे उभे असल्याने नुसते एकमेकांपासून किंचित सरकतात, तुटत नाहीत. उलटं गुंडाळलं तर आडवे धागे बाहेर ताणले जाऊन तडकतील.

गुंडाळीच्या सुरुवातीला राखणीसाठी चिकटवलेल्या पहिल्या तावाला ग्रीकमध्ये 'प्रोटोकोलॉन' म्हणत, म्हणजे 'आधी चिकटवलेला'. मंत्र्यांच्या दौऱ्यात आपण जो 'प्रोटोकॉल' ऐकतो त्याचं मूळ हे. 'पेपर' हा शब्द पपायरसवरून आला आणि 'बायबल' हा पपायरसच्याच दुसऱ्या ग्रीक नावावरून. आपला 'कागद' मात्र फारसीतून आलेला, त्याचा इथे काही संबंध नाही.

## भारी ताव, हलका ताव

सगळा पपायरस सारखा नव्हता. प्लिनी प्रतवारी देतो आणि ती मुख्यतः तावाच्या रुंदीवर आहे. उत्तम प्रतीचा ताव १३ बोटं रुंद, म्हणजे साधारण २४ सेंटिमीटर. त्याखालचा ११ बोटं. उतरत उतरत शेवटची प्रत ६ बोटांची, लिहायला निकामी, व्यापाऱ्यांनी माल गुंडाळायला घ्यायची. रुंद ताव म्हणजे कमी जोड, म्हणून तो महाग.

सम्राट ऑगस्टसच्या नावाने ओळखली जाणारी उंची प्रत इतकी पातळ होती की मागची शाई पुढे दिसे आणि लेखणीच्या दाबाने ताव फाटे. पुढे सम्राट क्लॉडियसच्या काळात यावर तोड काढली: खालचा थर दुय्यम प्रतीच्या जाड पट्ट्यांचा, वरचा उत्तम पट्ट्यांचा, आणि रुंदी एक रोमन फूट. दिसायला भारी, पाठीला दणकट.

## बोरू, काजळी आणि पाठकोरे ताव

इजिप्शियन लेखनिक बारीक लव्हाळ्याच्या काडीचं टोक चघळून कुंचल्यासारखं करत. ग्रीकांनी बोरू आणला, टोक तासून मध्ये चीर दिलेला. ग्रीक 'कालामोस' अरबीत 'कलम' झाला आणि तोच शब्द पुढे आपल्या दप्तरात येऊन बसला.

शाई म्हणजे काजळी, बाभळीच्या जातीचा डिंक आणि पाणी. मथळ्यांसाठी गेरूची लाल शाई. काजळीची शाई धाग्यांत फार खोल उतरत नाही, वर बसते. म्हणून चूक झाली तर ओल्या स्पंजाने पुसता येई. सोयीचं, पण शाई काजळीची असणं हेच पुढे संशोधकांच्या मुळावर आलं. ते खाली येईलच.

लिहून झालेल्या तावाची मागची बाजू कोरी राही आणि ती वाया घालवायची रीत नव्हती. आपल्याकडे घरोघरी पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा असे, तसंच. ॲरिस्टॉटलच्या नावावरचा अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरचा ग्रंथ शतकानुशतकं हरवलेला होता. तो १९ व्या शतकाच्या अखेरीस सापडला तो इजिप्तमधल्या एका शेतमळ्याच्या हिशेबाच्या पाठीवर. पुढे इ.स. ७८-७९ सालचा जमाखर्च, मागे राज्यशास्त्र.

## हा एक प्रकारचा कागदच ना?

वापरापुरतं म्हणा हवं तर. बनावटीत दोन्ही अगदी वेगळे. कागदासाठी चिंध्या किंवा साल कुटून लगदा करतात. धागे पाण्यात सुटे होतात आणि चाळणीवर वाटेल तसे पडून ताव बनतो. पपायरसमध्ये काहीच कुटून मोडत नाहीत, झाडाचे धागे जसेच्या तसे दिशा धरून राहतात. म्हणून कागद कुठेही बनतो, जिथे चिंध्या आणि पाणी आहे तिथे. पपायरसला मात्र पपायरसच लागतो, आणि तो उगवतो दलदलीत. जवळजवळ सगळ्या भूमध्य जगाचा लिहिण्याचा माल एका देशावर अवलंबून होता. सम्राट टायबेरियसच्या काळात इजिप्तहून माल कमी आला तेव्हा वाटप करायला रोममध्ये सिनेटचे सदस्य नेमावे लागले होते.

## ठिसूळ होता म्हणून मागे पडला, हे खरं का?

संग्रहालयात काचेआड दिसणारे तुकडे पाहून तसं वाटतं. पण ते दोन-तीन हजार वर्षांचे आहेत. नवा पपायरस लवचीक असतो, गुंडाळा-उलगडा, काही होत नाही. प्लिनीने ग्रॅकस बंधू या रोमन पुढाऱ्यांच्या हातची जवळपास २०० वर्षांची लिखावट स्वतः पाहिल्याचं नोंदवलं आहे. पोपच्या दरबारात तर ११ व्या शतकापर्यंत पपायरसवर आज्ञापत्रं निघत होती.

इजिप्तच्या राजाने निर्यात बंद केली, म्हणून पर्गमम शहराने चर्मपत्र शोधून काढलं, ही गोष्टही फार सांगितली जाते. कातडं कमावून त्यावर लिहिणं त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. चर्मपत्राला दोन्ही बाजूंनी लिहिता येई, घडी घातली तरी मोडत नसे आणि जनावरं कुठेही पाळता येत. पानांची शिवलेली पुस्तकं रूढ झाल्यावर ते पुढे सरकलं, कारण पपायरसला घडीवर मार बसतो. आठव्या शतकात मध्य आशियातून बगदादकडे कागदाचं तंत्र आलं आणि दहाव्या शतकात खुद्द इजिप्तमध्ये कागदाने पपायरसची जागा घेतली. विसाव्या शतकात हसन रगाब यांनी इजिप्तमध्ये पुन्हा लागवड करून ताव बनवायला सुरुवात केली. आज कैरोत पर्यटकांना विकतात ते चित्रांचे ताव त्याच कामातून रुजलेले. त्यात केळीचा किंवा उसाचा नकली मालही असतो. ताव उजेडासमोर धरा: खऱ्या पपायरसात तपकिरी धाग्यांच्या उभ्या-आडव्या रेघा काटकोनात दिसतात, आणि त्या थोड्या कमी-जास्त अंतरावर असतात. हलकेच गुंडाळून पाहा, खरा तडकत नाही.

## मग टिकला कुठे आणि गेला कुठे

पाण्यातून आलेल्या या वस्तूचा काळ पाणीच. दमट हवेत बुरशी धरते, कीड लागते, मगज पोकळ होतो. अथेन्स, रोम, अलेक्झांड्रिया या जिथे पुस्तकं लिहिली आणि वाचली गेली त्या शहरांमधून पपायरस जवळपास नाहीसा झाला. अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय एका आगीत गेलं की अनेक आगींत, यावर वाद रंगतात. आग लागली नसती तरी समुद्रकाठच्या त्या दमट हवेने काम केलंच असतं.

टिकला तो कोरड्या रेतीत. तोही बहुतेक कचरा म्हणून. वाडी अल-जर्फ या तांबड्या समुद्राकाठच्या जुन्या बंदरात २०१३ मध्ये फ्रेंच संशोधक पिएर ताले यांना लिहिलेले सर्वांत जुने ज्ञात पपायरस सापडले. मेरेर नावाच्या मुकादमाची ती रोजनिशी. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडसाठी तुरा इथल्या खाणीतून चुनखडक नावेने कसा नेला, याच्या नोंदी, साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या. ऑक्सिरिंकस गावाच्या उकिरड्यावर ग्रेनफेल आणि हंट या दोघांनी १८९६-९७ पासून खणायला घेतलं आणि लाखो तुकडे निघाले. त्यात हरवलेल्या ग्रीक कविता आहेत, करारनामे आहेत आणि थिऑन नावाच्या पोराचं बापाला लिहिलेलं रुसव्याचं पत्रही आहे: मला अलेक्झांड्रियाला नेलं नाहीस ना, मग मी जेवणार नाही की पाणी पिणार नाही.

आपल्या बाजूचा धागाही इजिप्तमध्येच सापडतो. आज व्हिएन्नात असलेल्या दुसऱ्या शतकातल्या एका पपायरसवर, केरळच्या मुझिरिस बंदरातून निघालेल्या 'हर्मापोलॉन' जहाजाच्या मालाचा हिशेब आहे: जटामांसी, हस्तिदंत वगैरे. माल भारताचा, कागदपत्र इजिप्तचं. भारतात स्वतः पपायरस रुजला नाही, कारण इथे ताडपत्र आणि हिमालयाकडे भूर्जपत्र हाताशी होतंच, आणि आपल्या पावसाळ्यात तो टिकलाही नसता. पुण्याच्या भांडारकर संस्थेतलं ऋग्वेदाचं एक हस्तलिखित भूर्जपत्रावर आहे, काश्मीरकडच्या शारदा लिपीत.

## जळालेली गुंडाळी सरळ उघडत का नाहीत?

आता बातमीतल्या गुंडाळ्यांचं गाव, इटलीतलं हर्क्युलेनियम. समुद्रकाठचं, दमट. इथला पपायरस कुजायलाच हवा होता. व्हेसुव्हियसच्या तापलेल्या राखेने एका श्रीमंताच्या बंगल्यातलं अख्खं ग्रंथालय झाकलं आणि हवा न मिळाल्याने गुंडाळ्यांची राख न होता कोळसा झाला. कोळशाला बुरशी लागत नाही, कीड खात नाही. १७५० च्या दशकात खणताना या गुंडाळ्या सापडल्या, तेव्हा काही तर जळकं लाकूड समजून फेकल्या गेल्या. एकूण गुंडाळ्या आणि तुकडे धरून सुमारे १,८०० क्रमांक नोंदले आहेत.

सुरळीची वडी समजा. ती घट्ट गुंडाळलेली, एका बाजूने चेपलेली, मग तव्यावर विसरून पार कोळसा झालेली. तिचा पापुद्रा सोडवायला गेलात तर हातात भुगा येईल. अठराव्या शतकात अँतोनियो पियाज्जो या पाद्र्याने रेशमी दोऱ्यांना टांगून, मागून पातळ पापुद्रा चिकटवत, थोडं थोडं उलगडणारं यंत्र केलं. काही गुंडाळ्या उघडल्या, पण बाहेरचे थर कापून टाकावे लागत आणि वाटेत बरंच गेलं. शेकडो गुंडाळ्या तशाच बंद ठेवल्या, हे नंतरच्यांचं नशीब.

## क्ष-किरणांनी सगळं सरळ दिसत नाही का?

दवाखान्यातल्या सीटी स्कॅनसारखंच इथे करतात, फक्त कितीतरी बारीक. हाड आणि मांस वेगळं दिसतं कारण त्यांची घनता वेगळी. इथे पपायरस म्हणजे कोळसा आणि शाई म्हणजे काजळी. दोन्ही कार्बन. काळ्या पाटीवर कोळशाने लिहिल्यासारखं हे.

केंटकी विद्यापीठाचे ब्रेंट सील्स यांच्या चमूने यासाठी दोन टप्पे केले. आधी स्कॅनमधला प्रत्येक पापुद्रा ओळखून तो संगणकात सपाट करायचा. मग त्या सपाट पृष्ठभागावर शाई शोधायची, रंगाने नव्हे तर पोताने. काजळीची शाई धाग्यांच्या वर बसते, हे आठवा. वाळलेल्या चिखलासारखी ती भेगाळते आणि पृष्ठभाग किंचित वेगळा दिसतो. २०२३ मध्ये खुली स्पर्धा लावल्यावर एका स्पर्धकाने नुसत्या डोळ्यांनी हे भेगाळणं टिपलं. मग ल्यूक फॅरिटर या विद्यार्थ्याने संगणकाला ते ओळखायला शिकवलं आणि 'पोर्फिरास' उमटला.

## एआयने अक्षरं स्वतःच रचली तर?

रास्त शंका आहे. म्हणून त्या प्रणालीला ग्रीक शिकवलेलंच नाही. ती अक्षराहून लहान चौकोन बघते आणि एवढंच सांगते: इथे शाई आहे की नाही. अक्षर बनतं ते असे शेकडो चौकोन शेजारी आल्यावर, आणि ते वाचतात ते माणसं, जुन्या ग्रीक हस्ताक्षरांचे जाणकार. शिवाय युसेफ नादेर या दुसऱ्या स्पर्धकाने स्वतंत्रपणे, वेगळ्या पद्धतीने तोच शब्द काढला होता. पुढे नादेर, फॅरिटर आणि युलियन शिलिगर यांनी मिळून दोन हजारांहून जास्त अक्षरं वाचली. तरी तो गुंडाळीचा जेमतेम पाच टक्के भाग. विषय एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या पंथाचा: सुख म्हणजे काय, आणि दुर्मीळ पदार्थ जास्त गोड लागतात का.

२०२५ मध्ये सापडलेलं नाव ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातल्या गुंडाळीचं. तिची शाई क्ष-किरणांत जरा ठळक दिसते, कदाचित तिच्यात शिशासारखं काही जड मिसळलं असावं. लेखकाचं आणि पुस्तकाचं नाव निघालं ते गुंडाळीच्या अगदी गाभ्यातून: 'फिलोडेमस, दुर्गुणांविषयी'. पुस्तकाचं नाव शेवटी का? गुंडाळीत पहिलं पान सगळ्यात बाहेर असतं, हाताळून आणि घासून तेच आधी जातं. शेवट आत, गाभ्याशी, इतर सगळ्या तावांच्या आड. म्हणून लेखनिक नाव तिथे लिहीत.